अकोन्काग्वाची तयारी: हलक्या आठवड्याची नोंद

हा आठवडा हलका आहे. सॅकमधलं वजन निम्मं केलंय, पायऱ्यांचे सेट कमी केलेत आणि रविवारची लांब चाल ओझ्याशिवायच केली. तीन आठवडे भार चढवायचा आणि चौथ्यात उतरवायचा, हे चक्र मी या तयारीत काटेकोर पाळतेय. गेल्या आठवड्याच्या शेवटी सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर गेली होती. आता ती जागेवर आलीय, मांड्यांतला जडपणा गेलाय आणि झोपही सलग लागतेय. लिहायला निवांत वेळ याच आठवड्यात मिळतो, म्हणून आजची नोंद जरा लांब.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे. दिवस कॅन्सरच्या पेशंट्ससोबत जातो आणि उरलेला बहुतेक वेळ डोंगरांत, नाहीतर डोंगरांच्या तयारीत. लक्ष्य आहे अर्जेंटिनातलं अकोन्काग्वा, ६,९६१ मीटर, आशियाबाहेरचं सर्वांत उंच शिखर. नॉर्मल रूटने जाणार. या वाटेवर दोराची कसरत फारशी नाही, म्हणून पुष्कळ जण ती सोपी समजतात. मला तसं वाटत नाही. तिथे कस लागतो तो विरळ हवेचा, वाऱ्याचा आणि दिवसांमागून दिवस ओझं वाहण्याचा.

हलक्या आठवड्याबद्दल मी इतकी आग्रही का आहे, याचं कारण माझ्या कामात आहे. रेडिएशन एकदाच का देऊन टाकत नाही, असं पेशंटचे घरचे लोक नेहमी विचारतात. रूढ पद्धतीत दिवसाला साधारण २ ग्रे, आठवड्यातले ५ दिवस, असे कित्येक आठवडे उपचार चालतात. मधल्या तासांत निरोगी पेशी आपली मोडतोड दुरुस्त करून घेतात. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, आणि डोंगर चढणाऱ्या माणसाला ती लगेच भिडेल. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशींमधून फार लांब झिरपत नाही, जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर. त्यापलीकडच्या ट्यूमरच्या पेशी ऑक्सिजनवाचून तग धरून बसलेल्या असतात, आणि त्यांना मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. ब्रिटनमधल्या एल. एच. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात हे मांडलं. डोसच्या एककाला त्यांचंच नाव आहे. एका डोसने वाहिनीजवळच्या पेशी मेल्या की आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचायला लागतो आणि पुढच्या डोसात त्या सापडतात. दोन डोसांच्या मधल्या वेळेत इतकं सगळं चालू असतं.

केमोचंही तसंच. पुष्कळ औषधांची सायकल २१ दिवसांची असते, कारण रक्तपेशी बनवणाऱ्या बोनमॅरोला सावरायला तेवढा अवधी लागतो. पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात तळ गाठतात आणि मग वर येतात. त्या वर यायच्या आत पुढचा डोस दिला तर पेशंट संकटात सापडतो. हे वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर पाहिल्यावर पायऱ्यांवर चौथ्या आठवड्यातही वजन वाढवत राहावं असं मनातही येत नाही.

आता प्रत्यक्ष प्रगती. सॅक १८ किलोवर आलीय आणि पुढच्या चक्रात २० करणार. चढाची कसरत हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यावर, ओपीडी सुरू व्हायच्या आधी. वेग असा ठेवते की पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं. आठवड्यातले बहुतेक तास याच संथ गतीचे असतात आणि जोराचा चढ फक्त एकदाच. उतरण्याचा सराव मात्र वाढवलाय. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्यातूनच येतं. शिखरावरून परतताना पाय लटपटण्याचं कारणही बहुधा हेच. म्हणून हल्ली मी जिना वजन घेऊनच उतरते, सावकाश. रात्रीची ड्यूटी झाली की दुसऱ्या दिवशी फक्त चालणं. ट्यूमर बोर्डच्या, म्हणजे पेशंट्सच्या उपचारांवर डॉक्टरांनी एकत्र बसून चर्चा करायच्या दिवशी सुट्टी. सोबतच्या डॉक्टरांशी बोलून मोहिमेच्या आठवड्यांची व्यवस्था आत्ताच लावलीय, कारण ज्यांचे उपचार तेव्हा चालू असतील त्यांना कोण बघणार हे ठरल्याशिवाय माझं मन मोकळं होत नाही.

फेरीटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घेतलं, ठीक आहे. उंचीवर जाणाऱ्या, विशेषतः पाळी येणाऱ्या बायकांनी, निघण्याच्या दोन-तीन महिने आधी हे तपासून घ्यावंच. शरीर नव्या तांबड्या पेशी बनवायला निघालं आणि लोहच नसेल तर काय करणार?

या तांबड्या पेशींची हकिगत मला फार प्रिय आहे. ऑक्सिजन कमी पडलाय हे पेशीला कळतं कसं, या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. केलिन स्वतः कॅन्सरचे डॉक्टर. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असला की त्यावर खूण होते, व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि एचआयएफ मोडीत निघतं. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, एचआयएफ साठतं आणि जनुकं जागी करतं. तांबड्या पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढतं, नव्या रक्तवाहिन्यांना निरोप जातो. उंचीवर आपल्याला हे हवं असतं. किडनीच्या एका नेहमीच्या कॅन्सरमध्ये मात्र व्हीएचएलच बिघडलेलं असतं. ऑक्सिजन भरपूर असूनही त्या पेशी उंचीवर असल्यासारख्या वागतात, रक्तवाहिन्या ओढून घेतात आणि वाढत जातात. एचआयएफचा एक प्रकार अडवणारं बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. त्याचे मुख्य दुष्परिणाम म्हणजे रक्तक्षय आणि ऑक्सिजन घटणं. नीट पाहा, उंचीला शरीर जे उत्तर देतं तेच हे औषध थोपवतं. तिबेटी लोकांमध्ये याच साखळीतल्या ईपीएएस१ जनुकाचा वेगळा प्रकार आढळतो, हे २०१०मध्ये दिसून आलं. त्यामुळे उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या राहूनही त्यांचं हिमोग्लोबिन बेसुमार वाढत नाही.

आपल्या तयारीसाठी यातून कामाचं एवढंच: एरिथ्रोपोएटिन काही तासांत वाढतं, पण तांबड्या पेशी खरोखर वाढायला आठवडे जातात. पहिल्या दिवसांत हिमोग्लोबिनचा आकडा वर गेलेला दिसतो तो मुख्यतः रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे. सुरुवातीला आपल्याला तारतो तो वाढलेला श्वास आणि त्याच्याशी जुळवून घेणारी मूत्रपिंडं. त्यांना रात्री द्याव्या लागतात.

म्हणून मार्गाचा आराखडा मी रात्रींच्या हिशेबाने मांडलाय. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवावा, हा सर्वमान्य नियम. आता वाटेतला पहिला कॅम्प कॉन्फ्लुएन्सिया सुमारे ३,४०० मीटरवर आणि प्लाझा दे मुलास बेस कॅम्प सुमारे ४,३०० वर. मधे झोपायला सोयीची जागा नाही, म्हणजे नियम तिथे एका उडीत मोडतो. त्याची भरपाई आधीच करायची: कॉन्फ्लुएन्सियात जादा मुक्काम, तिथून प्लाझा फ्रान्सियाकडे चढून पुन्हा खाली झोपायला. मुलासला पोचल्यावर पूर्ण विश्रांती. तिथे डॉक्टर ऑक्सिजन आणि रक्तदाब तपासतात, त्यानंतरच वर. मग कॅम्प कनाडापर्यंत सामान पोचवून परत खाली, आणि नंतर मुक्कामाला वर. निदो दे कोंदोरेस साधारण ५,५५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. त्या कॅम्पवर मी एक रात्र जास्तीची धरलीय, आणि वाऱ्यासाठी राखून ठेवलेले दिवस वेगळे.

वहीत रोज लेक लुईस स्कोअर, म्हणजे उंचीच्या त्रासाचे गुण, लिहिणार. डोकेदुखी, पोटाची तक्रार, थकवा आणि चक्कर, प्रत्येकी ० ते ३. डोकेदुखी असेल आणि बेरीज ३ किंवा जास्त असेल तर उंचीचा त्रास धरायचा. २०१८च्या सुधारणेत झोपेचा प्रश्न यातून काढला. ओपीडीत मी पेशंटची ताकद ईसीओजीच्या ० ते ५ पट्टीवर नोंदवते, आणि अनुभव असा की 'बरं वाटतंय' या उत्तरापेक्षा आकडा जास्त खरं सांगतो. टेंटमध्येही सोबत्याचा आकडा आपण विचारायचा आणि आपला त्याने. विरळ हवेत स्वतःबद्दलचा अंदाज आधी ढासळतो.

औषधांच्या पिशवीत डेक्सामेथासोन असेल. मेंदूत ट्यूमर पसरून सूज आलेल्या पेशंटला मी हेच देते. केमोची मळमळ टाळायलाही हेच वापरतात. उंचीवर मेंदूला सूज आली तर पहिला डोस ८ मिलिग्रॅम, मग दर ६ तासांनी ४. औषधाने काही तासांत माणूस सावरू शकतो, आणि तीच वेळ त्याला खाली न्यायची असते. बरं वाटतंय म्हणून वर जाणं जिवावर बेतू शकतं.

उपचार पूर्ण झालेले पेशंट मला विचारतात, "डॉक्टर, पुन्हा डोंगर चढता येईल का?" हा प्रश्न ऐकला की मला मनापासून आनंद होतो. २०२५मध्ये चॅलेंज ट्रायलचे निष्कर्ष आले. आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना ३ वर्षं शिस्तीत व्यायाम करवला. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात ८०.३ टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांत ७३.९. कितीतरी औषधांना इतका फरक दाखवता येत नाही. त्यामुळे व्यायाम मी आता प्रिस्क्रिप्शनवर लिहिते, किती वेळ आणि कितीदा यासकट.

तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणी येणार असेल तर काही गोष्टी माहीत असू द्या. ऑक्झॅलिप्लॅटिन किंवा टॅक्सेन ही केमोची औषधं घेतलेल्यांच्या तळपायांत बधिरपणा राहू शकतो. बुटात खडा गेलेला कळत नाही, फोड कळत नाही, उतारावर पाऊल कुठे पडलं तेही नीट कळत नाही. काठ्या दोन हव्यात आणि संध्याकाळी पाय डोळ्यांनी तपासायचे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात सुजू शकतो, म्हणून त्या बाजूचा सॅकचा पट्टा ढिला, वजन कमरेवर, आणि दाब देणारी स्लीव्ह सांगितली असेल तर घालायची. अशा हाताने वजन उचलूच नये असं पूर्वी सांगत. हळूहळू वाढवलेलं वजन सुरक्षित असतं हे २००९च्या अभ्यासात दिसलं. हृदयाला बाधू शकणारं अँथ्रासायक्लिन घेतलं असेल तर निघण्याआधी हृदयाची इको तपासणी. फुप्फुसांना बाधू शकणारं ब्लिओमायसिन घेतलं असेल तर ते मोहिमेच्या डॉक्टरला सांगून ठेवायचं, कारण अशा फुप्फुसांना जास्त प्रमाणातला ऑक्सिजन बाधू शकतो. आणि हिमोग्लोबिन कमी असताना उंची नकोच.

ऊन. दर १,००० मीटरला अतिनील किरणं १० ते १२ टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखाली, कानांवर आणि ओठांवर क्रीम लावाच. खालच्या ओठाचा कॅन्सर मी पाहिलाय.

पुढच्या चक्रात २० किलो, लांब चाली लागोपाठच्या दोन दिवशी, आणि डबल बूट घालून उतार. ज्यांनी नॉर्मल रूट केलाय त्यांना एक विचारायचंय: शिखराखालच्या कनालेता या उभ्या घळीतल्या घसरत्या खड्यांवरून उतरताना क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे बर्फावरचे काटे) ठेवले होते की काढले, आणि बर्फ किती होता? महिना कोणता तेही लिहा.