साखर काढली, माल्ट वाढवलं : आमची वाटचाल

आमच्या नाचणीच्या आंबील मिक्सचं परत आलेलं पहिलं पाकीट मी अजून जपून ठेवलंय. इथल्या, बेळगावातल्या शहापूरच्या एका आजींनी ते दुकानात आणून दिलं होतं, अर्धं वापरलेलं, तोंडाला रबर लावून. आजी तिथंच बसून राहिल्या म्हणून दुकानदारांनी मला फोन केला. मी गेले. आजी म्हणाल्या, "बाई, रात्रीची उरली ती सकाळी सुरीनं कापायला आली. आंबील अशी असते होय गं? ही तर खळ झाली." घरी येऊन मी त्याच पाकिटाची आंबील केली, झाकून ठेवली आणि सकाळी बघितली. आजींचं खरं होतं.

आमचा धंदा सुरू झाला 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या वर्षी. यजमान उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते आणि काम बंद पडलं होतं. सासूबाईंचं माहेर जांबोटीकडचं, तिकडून घरी वर्षाचा नाचणा यायचा. शेजारच्या दोन बाळंतिणींना मी नाचणीचं माल्ट करून दिलं. त्यांच्याकडून आणखी चौघींना कळलं, मग गल्लीत, मग टिळकवाडीत. अन्नपरवान्याची नोंदणी, उद्यम नोंदणी, पाकिटाचं मशीन ही कामं एकामागून एक होत गेली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. कागद वेळेवर भरले की ती होतात.

सांगायचंय ते माल्टबद्दल. आमच्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना वाटतं की माल्ट म्हणजे डब्यातली कसली तरी पावडर. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बस. नाचणा चार पाण्यांनी धुवायचा, बारा तास भिजत घालायचा, मधे पाणी बदलायचं. मग निथळून ओल्या कापडात पसरायचा. दुसऱ्या दिवशी दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, तिसऱ्या दिवशी केसासारखी बारीक मुळं एकमेकांत गुंततात आणि कापड उचललं की अख्खी चादर उचलली जाते. त्या वेळी कोवळ्या काकडीसारखा वास येतो. तो वास आला की थांबायचं. आणखी राहिला तर मोड दाण्यातलं सत्त्व खातो. वाळला की हातावर चोळून मुळं काढायची आणि सुपानं पाखडायचं. मुळं राहिली तर कडवट लागतं.

दाण्याला मोड येताना त्याच्या आत एक प्रकारचे पाचक रस तयार होतात, अमायलेज म्हणतात त्यांना. दाण्यातला स्टार्च तोडून ते साखर करतात, कोवळ्या रोपाला तीच शिदोरी. म्हणून माल्ट गोड लागतं. वरून काही न घालता.

हे ज्ञान मला सुरुवातीला नव्हतं. आजींच्या तक्रारीनंतर एका व्यापाऱ्यानं सल्ला दिला, नाचणीचं प्रमाण कमी करा आणि पिठीसाखर घाला, पातळही होईल आणि मुलंही पितील. आम्ही गोड मिक्स काढलं. ते खपलं, हे मान्य करते. पण मला ते कधी पटलं नाही. पहिला घोट गोड, आणि मागे जिभेवर काहीच नाही. नाचणीचा वास नाही, भरीवपणा नाही. आयाबाया विश्वासानं ते लेकरांना पाजत होत्या, आणि पाकिटावर आम्ही नाचणीचं नाव मोठ्या अक्षरात छापलं होतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. साखरेत नाव घेण्यासारखं काही नसतं. जितकी साखर वाढवली तितकी नाचणी कमी झाली, एवढा साधा हिशेब. गोड मिक्स आम्ही सात महिन्यांनी बंद केलं.

उत्तर सापडलं ते आक्काच्या स्वयंपाकघरात, इंग्लंडमध्ये. भाचीच्या लग्नाला मी लेस्टरला गेले होते. आमचे दाजी तिथं घरी डार्क एल करतात, म्हणजे काळपट रंगाची बीअर. तिकडे स्वतःच्या पिण्यापुरती घरी करायला 1963 पासून परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. आपल्याकडे कर्नाटकात 1965 च्या अबकारी कायद्याखाली हे विनापरवाना चालत नाही. आमच्या फर्मच्या नावात माल्ट बघून बीअरचं किट मिळेल का, असं विचारणारे फोन येतात. त्यांना मी हेच सांगते.

तर दाजींनी दुकानातून किट आणलं होतं. एक डबा, दीड-पावणेदोन किलोचा, आत काकवीसारखा घट्ट माल्टचा अर्क, हॉप्सची, म्हणजे बीअरमध्ये घालतात त्या फुलांची, कडू चव त्यात आधीच उतरवलेली. झाकणाखाली यीस्टची पुडी. डब्यावर लिहिलेलं की अर्क गरम पाण्यात विरघळवा, एक किलो साखर घाला, 23 लिटरपर्यंत पाणी घाला, यीस्ट टाका. दाजींनी साखरेची पिशवी उचलून परत फडताळात ठेवली आणि तितकाच आणखी माल्टचा अर्क ओतला. मी विचारलं, "दाजी, साखर का नाही?"

ते म्हणाले, "साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं गं. दारू होते, पण अंग राहत नाही, पाण्यासारखी लागते. माल्टमधलं सगळंच यीस्टला पचत नाही. जे पचत नाही तेच तोंडात भरीव लागतं. किट पातळ लागतंय म्हणून लोक साखर वाढवतात. वाढवायचं असतं माल्ट."

मग त्यांनी एका पातेल्यात तीन लिटर पाणी तापवलं, थर्मामीटर 68 अंशांवर आल्यावर गॅस बंद केला आणि मलमलच्या कापडात भरडलेले दाणे बांधून त्यात सोडले. क्रिस्टल माल्ट, म्हणजे दाण्यातच साखर करून मग भाजलेलं, 250 ग्रॅम, आणि चॉकलेट माल्ट म्हणतात ते 100 ग्रॅम. चॉकलेट त्यात काही नसतं, सातूचं, म्हणजे जवाचं, माल्ट त्या रंगाचं होईपर्यंत भाजलेलं असतं. अर्ध्या तासात पाणी कॉफीसारखं झालं. गाठोडं त्यांनी न पिळता नुसतं निथळू दिलं. दाणे उकळले किंवा पिळले की सालीचा तुरटपणा उतरतो, म्हणाले. तो काढा तेवढा उकळून किटमध्ये गेला. बादलीला झाकण लावून ती जिन्याखाली ठेवली, 19-20 अंशांत.

आधीच्या खेपेच्या दोन बाटल्या त्यांनी शेजारीशेजारी उघडल्या, एक साखरेची आणि एक माल्टची. मी घोटघोट चाखलं. बीअर मला कळत नाही. पण साखरेच्या घोटामागची ती पोकळी मला ओळखीची वाटली. आमच्या गोड मिक्सची होती ती. आणि दुसऱ्या घोटात खापरावर भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा होता.

दाजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. इतकं काळं माल्ट पूर्वी नीट करताच येत नव्हतं, दाणे जळायचे. 1817 मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या माणसानं फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचं पेटंट घेतलं, तेव्हा ते जमलं. मी तिथूनच यजमानांना फोन लावला, "फिरतं पिंप करता येईल का हो?" ते म्हणाले, "येईल की. किती मापाचं?"

परत आल्यावर मात्र पहिला प्रयोग साफ फसला. मी दाजींचं वाक्य तसंच धरलं आणि मिक्समधलं साधं, न भाजलेलं माल्ट दहा टक्क्यांवरून चाळीसवर नेलं. आंबील घट्ट व्हायची सोडून पाणी झाली. दहा मिनिटं मंद आचेवर ढवळली आणि पळी फिरवताना हाताला काही लागेना. कारण उघड होतं, मला नंतर कळलं एवढंच. आमच्या माल्टमधलं अमायलेज जिवंत होतं आणि तापत जाणाऱ्या भांड्यात साठ-सत्तर अंशांना त्यानं सगळा स्टार्च तोडून टाकला. दाजींच्या डब्यातल्या अर्कात हे काम कारखान्यातच होऊन गेलेलं असतं. आमच्या मिक्समध्ये ते गिऱ्हाइकाच्या चुलीवर होतं.

तेव्हा आणखी एक कोडं सुटलं. एकाच पाकिटाबद्दल कोणी घट्ट म्हणायचं, कोणी पातळ. जी बाई पीठ गार पाण्यात कालवून हळूहळू तापवते, तिच्याकडे माल्ट काम करतं. जी आधणात टाकते, तिच्याकडे माल्ट क्षणात मरतं आणि खळ होते. शहापूरच्या आजी आधणात टाकत होत्या. पाकिटावर आम्ही 'उकळत्या पाण्यात घाला' असंच छापलं होतं. चूक आमची होती.

उपाय मिळाला तो काळ्या माल्टात. भाजल्यावर अमायलेज उरत नाही, चव आणि रंग मात्र वाढतो. म्हणून जिवंत माल्ट थोडंच ठेवायचं, खळ मोडण्यापुरतं, आणि वाढवायचं ते भाजलेलं. आज एका किलोत 650 ग्रॅम नाचणीचं पीठ, 250 ग्रॅम काळं माल्ट आणि 100 ग्रॅम साधं माल्ट असतं. या आकड्यांवर यायला आम्हाला एक पावसाळा लागला.

आणि आपल्या भागातला पावसाळा म्हणजे काय, ते खानापूर-कणकुंबीकडच्यांना सांगायला नको. त्या वर्षी 40 किलो मोड आलेला नाचणा वाळेना म्हणून बुरशी धरून गेला. सासूबाई म्हणाल्या, म्हशीला घालूया. मी घालू दिला नाही, बुरशीचं विष जनावरालाही बाधतं. खड्ड्यात पुरला. मग ड्रायर घेतला, तर विक्रेत्यानं दिलेल्या यंत्रावर 50 अंश दिसायचे आणि माल्टमध्ये जीव राहायचा नाही. यजमानांनी स्वतःचा थर्मामीटर आत घातला, तो 72 दाखवत होता. विक्रेत्याकडे तीन चकरा मारल्या, बदलून मिळाला नाही. यजमानांनीच त्यातलं उष्णता राखणारं बटण बदललं. तेव्हापासून आमच्याकडे यंत्रावरच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही, थर्मामीटर वेगळा लावतात.

पिंप त्यांनीच केलं. दोन मिलिमीटरचा पत्रा, आडवा दांडा, हाताचं चाक, खाली गॅसची शेगडी. एका खेपेला दोन किलो. काळं माल्ट भाजताना डोळ्यांपेक्षा नाक लागतं. आधी ओल्या भाकरीचा वास, मग भाजक्या शेंगांचा, मग कॉफीचा. कॉफीचा आला की थांबायचंच, अर्धा मिनिट जास्त झालं तर राखेचा कडवटपणा येतो आणि खेप जाते. लगेच परातीत ओतून पंख्याखाली पसरायचं, कारण दाणा बाहेर काढला तरी आतून भाजतच असतो. आमच्याकडे चार बायका कामाला आहेत. त्यांतल्या नंदगडच्या वहिनींचं नाक सगळ्यांत पक्कं. त्या नसल्या की मी काळं माल्ट लावतच नाही.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, त्या वर्षी दुकानदारांनी नाचणी पुढच्या फळीवर आणली. नव्या पाकिटाला त्याचा फायदा झाला. पाकिटावर आता कन्नड आणि मराठी दोन्हींत पहिली ओळ एकच आहे, 'गार पाण्यात कालवा, मंद आचेवर तापवा.' चिकोडी-हुक्केरीकडच्या कन्नड गिऱ्हाइकांना ती अंबली, आम्हाला आंबील. रात्री ताकात भिजवायची सवय दोन्हींकडे सारखीच. किंमत साखरेच्या पाकिटापेक्षा जास्त पडते. नाचणा, गॅस आणि वहिनींचा रोज त्यात आहे, कमी करता येत नाही.

आजींना नवं पाकीट मी स्वतः नेऊन दिलं. समोर बसून करून दाखवलं. सकाळी त्यांच्या नातवानं फोन केला, आजीनं पेलाभर प्यायली, आणि विचारलंय की हिच्यात गूळ घातलाय का. नाही म्हणून सांगितलं.

गणपतीला आक्का आली होती. जाताना दाजींसाठी अर्धा किलो काळं माल्ट घेऊन गेली. त्यांनी त्यातलं 200 ग्रॅम चॉकलेट माल्टच्या जागी घातलंय. नाचणा बारीक म्हणून कापड दुहेरी बांधावं लागलं, असं फोनवर म्हणाले. बाटल्या भरून झाल्यात, अजून तीन आठवडे मुरायच्यात.