तुम्ही विचारलंत म्हणून : लांबच्या शाळेशी जोडून मुलांना मिळतं काय?

शिक्षण परिषदेत, पालकसभेत, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. "बाई, तुमच्या वर्गातली पोरं म्हणे पंजाबातल्या कुठल्याशा शाळेबरोबर नेटवरून प्रकल्प करतात. अभ्यासाचं काय साधतं त्यातून? का नुसत्या ओळखी नि गप्पा?" विचारणाऱ्याच्या सुरात बहुतेक वेळा काळजी असते आणि ती मला पटते. शाळेचे तास मोजके, अभ्यासक्रम संपता संपत नाही आणि मुलांच्या हातातल्या मोबाइलनं सगळ्यांचीच झोप उडवली आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

नुसत्या गप्पांनी फारसं काही साधत नाही, हे आधीच सांगून टाकते. "आमच्याकडे सणाला हे करतात, तुमच्याकडे काय करतात?" अशा पत्रांनी सुरू झालेल्या कितीतरी जोड्या मी मोडताना पाहिल्या आहेत. सुरुवातीला पोरं हरखलेली असतात, मग उत्तरं उशिरा यायला लागतात, शेवटी येतच नाहीत. टिकतात ते प्रकल्प वेगळे. म्हणून मी कुठल्याही प्रकल्पाला एकच कसोटी लावते: समोरची शाळा उद्या गप्प बसली, तर आपलं काम अडेल का? अडत असेल तरच त्यात पडायचं.

आमच्या सावलीच्या प्रकल्पाचंच बघा. मी भूगोल शिकवते. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, हे वाक्य मुलं पाठ करतात आणि रिकाम्या जागेत भरून मोकळी होतात. हा आकडा सुमारे सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिस नावाच्या विद्वानानं काढला, तोही सावली मोजून. दक्षिणेकडच्या सायीनी गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यात एका दिवशी भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती आणि तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ७.२ अंश भरला. दोन गावांमधलं अंतर पन्नासपट केलं की झाला परीघ. पण या गणिताला गावं दोन लागतात, आणि तीही उत्तर-दक्षिण रेषेवर. एका पटांगणात कितीही हुशार मुलं असली तरी पृथ्वी मोजता येत नाही.

कोल्हापूर ७४.२ पूर्व रेखांशावर आहे आणि अमृतसर ७४.९ वर. नकाशात पट्टी ठेवली तर दोन्ही जवळजवळ एका ओळीत येतात. आमची शाळा कोल्हापूरजवळच्या खेड्यातली. शिक्षकांच्या एका ऑनलाइन गटात अमृतसरच्या एका विज्ञानाच्या मॅडमची ओळख झाली आणि आमचं ठरलं. २० मार्चला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या विषुवदिनी, दोन्हीकडे एक मीटरची काठी उभी करायची, मध्यान्हाला सावली मोजायची आणि आकडे एकमेकांना कळवायचे.

पहिली अडचण मध्यान्हाचीच. मुलं म्हणाली, बारा वाजता. मग त्यांना पटांगणात नेलं आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करायला लावली. बारा वाजले, सव्वाबारा झाले, साडेबारा झाले, सावली आखूडच होत चाललेली. सगळ्यांत आखूड सावली मिळाली ती १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशाची, आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर उशिरा येतो, हे त्या दिवशी उन्हात उभं राहून समजलं. दर वर्षी मी हा धडा फळ्यावर शिकवते. फळ्यावर तो इतका चांगला कधी समजलेला नाही.

काठी सरळ उभी आहे की नाही हे बघायला एका मुलानं घरून ओळंबा आणला होता, त्याचे वडील गवंडीकाम करतात. आमची सावली भरली ३० सेंटिमीटर. कोन, म्हणजे सूर्य माथ्यापासून किती कलला तो, १६.७ अंश. संध्याकाळी अमृतसरचा आकडा आला: ६८ सेंटिमीटर. दोन्ही कोनांतला फरक आणि दोन गावांमधलं अंतर घेऊन गणित केलं तर परीघ आला ३४,००० किलोमीटर. वर्गाचा चेहराच उतरला. एका हुशार मुलानं तेवढ्यात उलटं गणित मांडून, उत्तर बरोबर यायला त्यांची सावली साधारण ६२ हवी असं शोधून काढलं आणि म्हणाला, "बाई, आपण ६२ च धरू या."

एकट्या शाळेचा प्रकल्प असता तर तिथंच ६२ धरले गेले असते. प्रकल्पवहीत सगळ्यांचे आकडे नेहमी बरोबर येतात, कारण उत्तर आधीच ठाऊक असतं. हे आपण सगळे शिक्षक जाणतो. पण हा आकडा आमचा नव्हता. तो दुसऱ्या मुलांनी उन्हात उभं राहून मोजला होता, आणि त्यांना न विचारता तो बदलायचा नाही हे मुलांनाच पटलं. मग प्रश्न असा आला की विचारायचं कसं? हिंदीत पहिला मसुदा झाला, "आपका उत्तर गलत है." तो वाचल्यावर एक मुलगी म्हणाली, आपल्याला कुणी असं लिहिलं तर आपण उत्तर तरी देऊ का? मग अख्खा तास त्या चार ओळींवर गेला. शेवटी पत्रात काय होतं? आम्ही काठी कशी उभी केली, ओळंबा कसा लावला, त्याचा फोटो आणि एक विनंती, की तुमच्या काठीचाही फोटो पाठवाल का?

फोटो आला. काठी विटांच्या आधारानं उभी होती आणि तिचा शेंडा उत्तरेकडे कललेला होता. आम्ही काही बोलायच्या आधी त्यांच्याच मुलांनी ते हेरलं होतं आणि पुन्हा मोजू या असा निरोपही आला. २२ मार्चला दोन्हीकडे पुन्हा काठ्या उभ्या राहिल्या. या वेळी आमची सावली २८.५ सेंटिमीटर आली. दोन दिवसांत दीड सेंटिमीटर गेली कुठं, म्हणून पोरं बेचैन. सूर्य उत्तरेकडे सरकतो आहे, रोज सरकतो आहे, आणि ते आपल्या पटांगणातल्या काठीला कळतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. अमृतसरची सावली ५९.५ आली. दोन्ही कोनांतला फरक १४.८५ अंश. अ‍ॅटलासवरून सरळ अंतर काढलं ते १,६५५ किलोमीटर (रेल्वेचं अंतर धरू नका, ते कितीतरी जास्त आहे). गुणाकार-भागाकार झाला आणि फळ्यावर आकडा उतरला: ४०,१२१. त्या दिवशी वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन थांबवला.

आमच्या सावलीत एका सेंटिमीटरची चूक झाली असती तर परिघात जवळजवळ चौदाशे किलोमीटरचा फरक पडला असता. काटेकोर मोजमाप का करायचं, हे मी कितीही सांगितलं असतं तरी मुलांना इतकं पटलं नसतं.

ही कल्पना माझी नाही, आणि नवी तर अजिबात नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाच्या शिक्षकानं १९२० च्या दशकात वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं स्वतः मजकूर लिहून, अक्षरांचे खिळे जुळवून छापत आणि ती पानं दूरच्या दुसऱ्या शाळेला टपालानं जात. जग कितीही बदललं तरी या कामाचं मूळ मला तिथंच दिसतं. पुढं संगणक आले. १९८८ मध्ये, शीतयुद्ध पुरतं संपलेलंही नव्हतं तेव्हा, न्यूयॉर्क राज्यातल्या १२ आणि मॉस्कोतल्या १२ शाळा एकमेकींशी जोडल्या गेल्या. पीटर कोपेन या अमेरिकी उद्योजकानं त्यात पुढाकार घेतला होता. मुलांनी नुसती ओळख करून घ्यायची नाही, दोन्हीकडच्या अभ्यासात बसेल असं काम मिळून करायचं, ही त्यामागची अट होती. त्यातूनच आयअर्न हे जाळं उभं राहिलं. आज ते शंभराहून जास्त देशांत पसरलं आहे आणि भारतातल्या शाळाही त्यात आहेत. नॉर्वेत १९९० मध्ये सुरू झालेल्या किडलिंक या मुलांच्या ऑनलाइन जाळ्याची रीत मला विशेष आवडते. तिथं गप्पांत शिरण्याआधी प्रत्येक मुलानं चार प्रश्नांची उत्तरं द्यायची: मी कोण आहे? मोठेपणी मला काय व्हायचं आहे? मी मोठा होईन तेव्हा जग कसं असावं असं मला वाटतं? आणि त्यासाठी मी आत्ता काय करू शकतो? दहा वर्षांच्या पोराला हे विचारून बघा. पेन्सिल चावत बराच वेळ बसतं, आणि मग जे लिहितं ते आपल्यालाही नवं असतं.

लर्निंग सर्कल नावाची पद्धतही शिक्षकांनी समजून घ्यावी अशी आहे. मार्गारेट रील या संशोधिकेनं ती घडवली. वेगवेगळ्या ठिकाणचे सात-आठ वर्ग एका गटात घ्यायचे. प्रत्येक वर्ग एक विषय सुचवतो आणि बाकी सगळ्या वर्गांकडून त्यासाठी मजकूर मागतो. बदल्यात बाकीच्यांच्या विषयांसाठी स्वतः काहीतरी पाठवतो. शेवटी सगळं जुळवून एक अंक तयार होतो. यात कुणी पाहुणा नाही, प्रत्येकाकडे घेणं आणि देणं दोन्ही आहे. म्हणून ती तगते.

आता तुमचा खरा प्रश्न: अभ्यास सुधारतो का? याचं एक उत्तर रील आणि मोशे कोहेन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं. जेरुसलेममधल्या सातवीच्या मुलांनी एकाच विषयावर दोनदा लिहिलं. एकदा गुणांसाठी, शिक्षकांकरता. एकदा दुसऱ्या देशांतल्या मुलांकरता. परदेशी मुलांसाठी लिहिलेले निबंध जास्त चांगले उतरले. मला त्याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. शिक्षकाला सगळं माहीतच असतं, मग कशाला फोडून सांगायचं, असं मुलांच्या मनात बसलेलं असतं. अमृतसरच्या मुलीला मात्र रंकाळा म्हणजे काय ते सांगावं लागतं, नाहीतर पुढचं वाक्य तिला कळणारच नाही. "माझे गाव" या विषयावर वर्षानुवर्षं तेच निसर्गरम्य गाव लिहिणारा माझा एक विद्यार्थी अमृतसरला पाठवलेल्या पत्रात गुऱ्हाळावर लिहून गेला. काहिलीत रस कसा उकळतो, वर आलेली मळी कशी काढतात, गूळ साच्यात ओतायची वेळ आजोबा नुसत्या बघण्यावरून कशी ओळखतात. मी त्या पत्रात एकही शब्द बदलला नाही.

अडचणी खूप आहेत, त्या लपवत नाही. मार्च म्हणजे दोन्हीकडे परीक्षांचे दिवस. सप्टेंबरात विषुवदिन येतो तेव्हा कोल्हापूरच्या आभाळाचा भरवसा नाही. खरं तर विषुवदिनच हवा असंही नाही. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजलं आणि सावली दोन्हीकडे उत्तरेलाच पडत असली की कुठलाही निरभ्र दिवस चालतो, कारण आपल्याला फक्त दोन कोनांतला फरक हवा असतो. आमच्या वर्गात मुलांच्या हाती मोबाइल नसतो. सगळा पत्रव्यवहार शाळेच्या खात्यावरून, माझ्या डोळ्यांसमोर होतो. पत्राखाली फक्त पहिलं नाव. आडनाव, पत्ता, फोन नंबर काही नाही, आणि फोटो काठीचा, मुलांचा नाही. यात मी कुणाचंही ऐकत नाही. पालकांना ही पत्रं कधीही बघायला मिळतात. गुऱ्हाळाचं पत्र वाचायला त्या मुलाचे आजोबा स्वतः शाळेत आले होते.

वेळ किती जातो, हेही विचारतात. वेळ जातो. पण प्रमाणवेळ, अक्षांश-रेखांश, नकाशाचं प्रमाण, कोन, गुणोत्तर आणि हिंदीचं पत्रलेखन हे सगळं मला नाहीतरी शिकवायचंच असतं. गणिताच्या आणि हिंदीच्या शिक्षकांनी आपापला एकेक तास दिला तर कुणाचंच काही बुडत नाही. मुख्याध्यापकांना हे आधी कागदावर दाखवा, म्हणजे परवानगीला अडचण येत नाही.

साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली तेव्हा प्रांताप्रांतांतली माणसं एकमेकांच्या भाषा शिकतील, एकमेकांना ओळखतील, ही त्यांची तळमळ होती. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी पंजाब पाहिलेला नाही आणि पुढं कधी पाहतील की नाही सांगता येत नाही. पण थंडीत टीव्हीवर अमृतसरच्या धुक्याची बातमी लागली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "बाई, आज त्यांची शाळा भरली असेल का?" ते मला हवं आहे. परीक्षेत ते विचारत नाहीत, तरी हवं आहे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी रेखांश बघा. सोलापूर, इंदूर आणि जयपूर जवळजवळ एका ओळीत आहेत. तीन शाळा मिळाल्या तर आणखी उत्तम, एकीचा आकडा चुकला तर लगेच लक्षात येतं. पुणेकरांनी उदयपूर शोधावं, रत्नागिरीकरांनी जोधपूर, नागपूरकरांनी बरेली. नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी संपली की समोरच्या शिक्षकांशी बोलून दोन तारखा ठरवा, एक मोजायची आणि एक राखीव. आणि काठीच्या आधी ओळंब्याची सोय करा.