कॅलेंडरचे पान

आमच्या घरात दोन कॅलेंडरे असतात. एक विकत आणलेले, एकादशी, चतुर्थी आणि अमावास्या पाहण्यासाठी. दुसरे गावातल्या कृषी सेवा केंद्राने फुकट वाटलेले, ज्याच्या पानांची पाठ कोरी असते. आईचे सगळे हिशोब या दुसऱ्यावर चालतात. दुधाचा खाडा झाला त्या तारखेवर फुली, म्हैस आटत आली की ‘अर्धा’, नवी टाकी लावली त्या दिवशी बारीकसा ‘गॅ’. शेजारचे काका-काकू दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात ती तारीखही त्यावर असते, कारण त्या दिवसापासून त्यांच्या घराची किल्ली आणि दोन शेळ्या आमच्या ताब्यात येतात. महिना सरून दूधवाल्याचे पैसे चुकते होईपर्यंत पानाला हात लावायची घरात कोणाचीही टाप नाही.

म्हणूनच फ्लॉरेन्स रीस या बाईची हकीकत वाचताना माझे लक्ष आधी तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले आणि मग गाण्याकडे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हार्लन काउंटी नावाचा कोळसा खाणींचा मुलूख आहे. १९३१ साली तिथल्या मालकांनी मजुरी दहा टक्क्यांनी कापली आणि खाणकामगार संघटनेच्या मागे उभे राहू लागले. रीसबाईचा नवरा सॅम हा संघटनेचा कार्यकर्ता. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, ब्लेअर याची बंदूकधारी माणसे त्याला धरायला घरात शिरली, तेव्हा आधीच कुणकुण लागल्यामुळे तो निसटला होता. घरात होती ती बाई आणि मुले. त्यांनी सगळे घर धुंडाळले. त्या प्रसंगानंतर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान फाडले आणि त्यावर गाणे लिहून काढले. चाल नवी शोधली नाही, ओळखीच्या एका जुन्या भजनाचीच घेतली. ध्रुवपदात एकच प्रश्न होता, तुम्ही कोणाच्या बाजूचे? आणि शेरीफचे नाव तिने कडव्यात सरळ घालून टाकले.

तयार चालीत आपले दुखणे ओवण्याची ही रीत आपल्याकडच्या बायकांना कोणी शिकवायला नको. माझी आजी ‘पहिली माझी ओवी’ म्हणून जात्याला हात घाली आणि देवाचे नाव घेऊन झाले की चौथ्या-पाचव्या ओवीत सासरच्या कोणाचा तरी उद्धार ठरलेला असे. माजलगावच्या बायकांनी त्याच जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. फरक एवढाच, की आजीची ओवी पिठाबरोबर संपली आणि रीसबाईची कागदावर उतरली. १९७३ साली त्याच हार्लनमध्ये ब्रुकसाइड खाणीचा संप पेटला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या रीसबाई संपकऱ्यांपुढे उभ्या राहून तेच गाणे गायल्या. ब्रिटनमधल्या १९८४-८५ च्या खाणसंपातही ते गायले गेले.

त्या काळी अनेक खाणींवर मजुरी कंपनीच्या स्वतःच्या नाण्यांत मिळे आणि ती नाणी कंपनीच्याच दुकानात चालत; राहायचे घरही कंपनीचे, त्यामुळे संपावर जाणारा माणूस छपरालाही मुके. दिवाळीत घरी आलेल्या काकांच्या पुतण्याला मी हे सांगत होतो, तर तो मध्येच म्हणाला, “म्हंजे उचलच की.” ते अगदी तसे नव्हे. उचल हंगामाआधी मुकादमाकडून रोख मिळते, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि ती टनावर फिटते, किंवा फिटत नाही आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा निघावे लागते. तरी त्याचे म्हणणे खोडून काढावे असे मला वाटले नाही. कोयता बंद ठेवण्याची भाषा झाल्याशिवाय दर वाढत नाही, हे त्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही बऱ्याच ताणाताणीनंतर.

रीसबाईची गोष्ट मी आईलाही सांगितली. ती शेंगा फोडत होती. बंदुकवाले, संप, गाणे, सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, “पान चालू महिन्याचं फाडलं का सरल्या महिन्याचं?” मी काही बोलायच्या आत उत्तरही तिनेच दिले, “चालूच असंल. तसल्या वक्ताला सरलेलं हुडकत कोण बसतंय.” मग चारदोन शेंगा फोडून झाल्यावर भिंतीकडे पाहत म्हणाली, “पण दुधाच्या खाड्यांचं काय केलं असंल रे तिनं?”