शेंगा चटणीवाल्यांना डिजिटल कशाला?

सोलापुरात चटणीचे कितीतरी छोटे कारखाने आहेत आणि डिजिटल म्हटलं की सगळ्यांना वाटतं लाखभराचं सॉफ्टवेअर, मग विषयच संपला. पण खरा माल बिघडतो कुठे तर दाणे भाजताना, जरा जास्त झाले की कडवट, कमी पडले की कच्चट वास, आणि भाजणारा माणूस सुट्टीवर गेला की चव बदललीच. तिथे ईएसपी३२ नावाचं काही शे रुपयांचं वायफाय बोर्ड लावा, सोबत के-टाइप थर्मोकपल, म्हणजे जास्त उष्णता मोजणारी तार, आणि तिचं माप बोर्डला कळवणारं छोटं मॉड्यूल, की तापमान थेट गूगल शीटमध्ये. डीएस१८बी२० हा सेन्सर स्वस्त म्हणून घेऊ नका हां, तो १२५ डिग्रीपर्यंतच चालतो, भाजायच्या ड्रमला पुरत नाही, पण गोडाऊनच्या तापमानाला झकास. तिथे ओलावा मोजणारा सेन्सरपण हवाच, ओल धरली की दाण्यावर बुरशी आणि मग अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे त्या बुरशीतून होणाऱ्या विषाची भानगड, आणि ते भाजून पूर्ण जात नाही.

केंब्रिज विद्यापीठाच्या ‘शूस्ट्रिंग’ प्रकल्पाचा विचारही हाच, बाजारात मिळतं त्या स्वस्त सामानातून एकेक अडचण सोडवायची. बाकी बिलिंग वगैरे मोबाईलवर होतंच की. पाकिटावरचा बॅच नंबर मात्र त्याच शीटमध्ये टाका, म्हणजे तक्रार आली की कुठल्या दिवशीचा घाणा होता ते लगेच सापडतं.