पिनबॉल मशीन पारखताना दिवे विसरा, प्लेफिल्ड उचला

पिनबॉल मशीन किती टिकेल हे दोनच गोष्टींवरून कळतं: बॉल जिथे पुन्हा पुन्हा आपटतो ती जागा कशाची आहे, आणि ती झिजल्यावर आपल्याला बदलता येते का. पडदा, टॉपर (माथ्यावरची सजावट), रंगीत दिवे हे विकणाऱ्याच्या कामाचे.

प्लेफिल्ड म्हणजे बॉल ज्यावर धावतो तो उतरता पाट: साधारण अर्धा इंच जाडीचा मेपलचा प्लाय, वर छपाई आणि त्यावर क्लिअरकोट, म्हणजे पारदर्शक थर. विल्यम्स या पिनबॉल कंपनीने 1990 च्या आसपास डायमंडप्लेट नावाने कडक युरेथेनचा थर आणला. त्याआधी लॅकर असे आणि झिजेच्या जागी मायलारचे (पारदर्शक प्लास्टिक पटलाचे) तुकडे चिकटवलेले असत. 80 ग्रॅमचा, 27 मिमीचा पोलादी बॉल लाकडावर आदळला की खळगे पडणारच. नव्या मशीनवर ते डोळ्यांत भरतात. पुढे इतके होतात की एकेकटा दिसेनासा होतो. त्यावरून कोणी मशीन नाकारू नये.

नाकारायचं ते वेगळ्या कारणाने. क्लिअरकोट पुरता वाळण्याआधी पोस्ट (रबर अडकवायचे छोटे खांब) कसले, तर मऊ थर पोस्टभोवती फुगून वर येतो आणि मग तडकतो. मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून प्रत्येक पोस्टच्या बुंध्याशी बघा. फुगवटा दिसला तर पोस्ट थोडा सैल करून खाली पातळ प्लास्टिक वॉशर द्यावा. पापुद्रा सुटलेला असेल तर वॉशरने काही होत नाही. इन्सर्टच्या, म्हणजे दिव्यावर बसवलेल्या प्लास्टिकच्या चकतीच्या, कडेवरून नख फिरवा. नख अडलं तर इन्सर्ट वर आलाय किंवा बसलाय. कडेला पांढरट वलय असेल तर तिथे थर सुटू लागलाय. शूटर लेनचं (बॉल सोडायच्या मार्गाचं) टोक आणि स्कूपची (बॉल गिळणाऱ्या भोकाची) कड या दोन जागी टवके आधी उडतात. तिथे पातळ स्टीलचा प्रोटेक्टर पहिल्याच दिवशी लावावा.

कॅबिनेटकडे, म्हणजे बाहेरच्या पेटीकडे, लोक फक्त चित्रं बघतात. पुण्यात जून ते सप्टेंबरची दमट हवा लक्षात घेतली तर आधी तळाची फळी आणि मागचे खालचे कोपरे तपासायला हवेत. प्लाय ओल पचवतो, एमडीएफ एकदा फुगला की परत बसत नाही. तळ बदलायचाच झाला तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा प्लाय आणून कोणताही बरा सुतार काम करून देईल. आणि मशीन पायांवर उभं असताना ढकलू नका. शंभर किलोच्या वरचं वजन पायांच्या बोल्टवर आडवं येतं आणि कोपऱ्याचा जोड उघडतो.

स्टर्न कंपनीच्या प्रो (स्वस्त) आणि प्रीमियम (महाग) आवृत्त्यांमधला मुख्य फरक खेळण्यातल्या यंत्रणांचा. लाकूडकामासाठी जास्त पैसे मोजतोय असं समजू नये. जर्सी जॅक या कंपनीने 2013 च्या पहिल्याच मशीनला 26 इंची पडदा दिला आणि सामानही भरपूर भरलं. उंची खरी, पण जितक्या मोटारी, तितक्या बिघडायच्या जागा. घरच्या वापराला मी प्रो सुचवीन.

रॅम्प (बॉल वर चढवणारे उतार) बहुतेक पीईटीजी प्लास्टिकचे असतात आणि तडा जातो तो तोंडाशी, जिथे स्प्रिंग स्टीलची पट्टी रिव्हेट केलेली असते. ती पट्टी नसेल किंवा उचललेली असेल तर भाव पाडा.

फ्लिपर (बॉल टोलवणारे हात) अर्ध्या तासाने ढिले वाटतात ही नेहमीची तक्रार. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. फ्लिपर ओढणारी तांब्याच्या तारेची कॉइल 50 अंशांनी तापली की रोध जवळजवळ 20 टक्के वर आणि करंट साधारण 16 टक्के खाली. एप्रिल-मेमध्ये खोलीच मुळात तापलेली असते. पण कॉइल बदलण्याआधी स्लीव्ह (कॉइलमधली नळी), प्लंजर (त्यात सरकणारा लोखंडी दांडा), लिंक (दांडा फ्लिपरला जोडणारी पट्टी) आणि कॉइल स्टॉप (दांडा जिथे आपटून थांबतो तो तुकडा) बघा. प्लंजरचं टोक आणि स्टॉप आपटून आपटून पसरतात, मग प्लंजर अडकतो. नवा संच बसवताना क्रँक (फ्लिपरची आस फिरवणारा भाग) आणि बुशिंग (ती आस ज्यात फिरते ती बाही) यांमध्ये एटीएम कार्डाच्या जाडीइतकी, म्हणजे पाऊण मिमीची फट ठेवा. फट नसेल तर फ्लिपर घासतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये जुनं मशीन सोपं जातं. नव्वदीतल्या विल्यम्सच्या बोर्डावर टीआयपी-102 ट्रान्झिस्टर उडाला तर पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तो शोधून सोल्डर करता येतो. स्टर्नच्या स्पाइक या नव्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीत प्लेफिल्डखाली छोटे नोड बोर्ड असतात, बारीक सरफेस-माउंट भागांचे. ते सहसा आख्खे बदलतात. पण वायरिंग पुष्कळ कमी. अमेरिकन मशीन 120 व्होल्टचं असू शकतं, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे जंपर 230 ला बदलावे लागतात. अर्थिंग चालू असल्याची खात्री करा, कारण लॉकबार (काच अडवणारी पुढची पट्टी) आणि पाय दोन्ही धातूचे आहेत.

पायांचा बोल्ट 3/8 इंची, इंचाला 16 आट्यांचा, यूएनसी (अमेरिकन मानकाचा). बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात 3/8 मागितला तर व्हिटवर्थही (जुन्या ब्रिटिश मानकाचा) मिळू शकतो. आटे तितकेच, पण कोन 60 ऐवजी 55 अंश. हाताने दोन-तीन वळसे सहज गेला नाही तर पाना लावू नका.

बॉलही बेअरिंगच्या दुकानात 1 1/16 इंची मापाचा मिळतो आणि स्वस्त पडतो. तो बहुधा 52100 क्रोम स्टीलचा असतो, चुंबकत्व धरून ठेवतो. प्लेफिल्डमध्ये मॅग्नेट असलेल्या मशीनमध्ये असे बॉल ट्रफमध्ये (बॉल साठतात त्या पन्हळीत) एकमेकांना चिकटतात, मोजणी चुकते आणि मशीन कधी दोन बॉल सोडतं, कधी एकही नाही. अशा मशीनला पिनबॉलसाठीचे कार्बन स्टीलचेच बॉल घ्या, आणि पावसाळ्यात मशीन बंद राहणार असेल तर ते बाहेर काढून तेलाचं बोट फिरवून ठेवा. परत टाकताना मात्र तेल पूर्ण पुसा, नाहीतर ते रबरांना लागतं.