ताई आठ दिवस सुट्टीवर

गौरी-गणपतीला आमच्या दातांच्या क्लिनिकमधल्या मदतनीस ताई आठ दिवस गावाला गेल्या. महिनाभर आधी सांगून गेल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही, मलाच वाटलं की आठ दिवसांचा काय प्रश्न, करू आपण, कॉलेजात सगळं स्वतःच तर करत होतो. सांगलीत माझं एका चेअरचं क्लिनिक आहे, सकाळी १० ते १.३० आणि संध्याकाळी ५ ते ८.३०. मी, ताई आणि संध्याकाळी फोन घ्यायला एक मुलगा, एवढाच आमचा स्टाफ.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी लक्षात आलं की मी ताईंना इतकी वर्षं मदतनीस समजत होते आणि प्रत्यक्षात अर्धं क्लिनिक त्याच चालवत होत्या.

हिशेब सांगते. एक पेशंट उठला की त्याचा मिरर, प्रोब, ट्वीझर, एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) सगळं आत सिंकपाशी जातं. आधी घासायचं, कारण रक्त-लाळ चिकटलेली राहिली तर ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनची) वाफ त्याच्या खाली पोचतच नाही. मग धुवायचं, कोरडं करायचं, पाऊचमधे घालून सील करायचं आणि मग मशीनमधे, १२१ डिग्री, १५ पाउंड प्रेशर, १५ ते २० मिनिटं. लोकांना वाटतं २० मिनिटांचं काम, पण मशीन तापायला वेळ, प्रेशर उतरायला वेळ, पाऊच वाळायला वेळ (ओला पाऊच बाहेर काढला की संपलं, ओल्या कागदातून जंतू आत जातात), असं धरून सव्वा तास कुठेच गेला नाही. मधेच लाइट गेली तर परत पहिल्यापासून. म्हणजे घासण्यापासून धरलं तर एक सेट दीड तास तरी अडकला. आणि माझ्याकडे एअरोटर आहेत तीन.

ताई असतात तेव्हा हे जाणवत नाही कारण मी इकडे फिलिंग करत असते आणि तिकडे आधीचा सेट मशीनमधे गेलेला असतो. एकटी असले की दोनच रस्ते, एक तर पेशंटला बसवून ठेवा, नाहीतर एअरोटर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि पुढच्याच्या तोंडात घाला. हे दुसरं किती ठिकाणी चालतं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहितीये, कोणी बोलत नाही एवढंच. एअरोटर थांबताना तोंडातली लाळ, रक्त थोडं आत ओढून घेतो (म्हणून प्रत्येक पेशंटनंतर तो २०-३० सेकंद नुसता चालवून पाणी सोडायचं असतं), आणि स्पिरिट लागतं फक्त बाहेरून. मी पुसून वापरला नाही. पण तिसऱ्या दिवशी साडेसातला बाहेर चार जण बसलेले, त्यातले एक काका दर पाच मिनिटांनी काचेतून डोकावतायत, तेव्हा बोळा हातात घेतला होता, खोटं कशाला बोलू.

त्याच रात्री सुई लागली. शेवटचा पेशंट, दाढ काढायची होती, सक्शन (लाळ ओढायची नळी) धरायला कोणी नाही म्हणून तो स्वतःच सक्शन धरून बसलेला, इंजेक्शन देऊन झालं आणि मी दोन्ही हातांनी कॅप लावायला गेले. विद्यार्थ्यांना ओरडून सांगतात की कॅप ट्रेमधे ठेवा आणि एका हाताने सुई त्यात सरकवा. माहिती सगळं होतं. डाव्या तर्जनीत टोचली, सेकंदभर कळलंच नाही, मग ग्लव्हच्या आत लाल ठिपका पसरताना दिसला.

साबण-पाण्याने धुतलं, दाबून रक्त काढायचं नसतं ते नाही काढलं. पेशंटला सांगताना लाज वाटली, पण माणूस चांगला, दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबमधे हजर (उपाशी यायची काहीच गरज नव्हती). एचआयव्ही, हेपटायटिस बी, सी तिन्ही निगेटिव्ह. पेशंटला एचआयव्ही असेल तर त्याचा धोका अशा टोचण्यातून साधारण ०.३ टक्के असतो आणि ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांतच, गोळ्या सुरू करायच्या असतात. हेपटायटिस बी मात्र वेगळा प्रकार आहे, पेशंटला तो असेल आणि तुम्ही लस घेतलेली नसेल तर ६ ते ३० टक्के. माझी लस झालेली, टायटरही (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) बघितलेला, त्यामुळे रात्री झोप लागली.

म्हणजे लागणार होती. तेवढ्यात डोक्यात आलं, ताईंचं काय? माझ्यापेक्षा जास्त धारदार वस्तू त्यांच्या हातातून जातात, त्याही रक्ताने भरलेल्या. सकाळी त्यांची फाइल काढली. हेपटायटिस बी चे डोस ०, १ आणि ६ महिन्यांचे असतात. पहिल्या दोनांपुढे तारखा, तिसऱ्यापुढे रिकामी जागा, आणि दुसरी तारीख दोन वर्षांपूर्वीची. आठवण ठेवायची कोणी होती, मीच की.

१९४८ च्या डेंटिस्ट ॲक्टमधे डेंटिस्टची नोंदणी होती, दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टची होती, कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकची होती. चेअरशेजारी उभं राहून सगळं निस्तरणाऱ्या बाईची नव्हती. ताई बारावी झालेल्या, आधी मेडिकलच्या दुकानात होत्या, शिकल्या ते सगळं माझ्याकडे बघून, म्हणजे माझ्या चुकासुद्धा शिकल्या असणार.

उदाहरणार्थ सलाइनची बाटली. तमिळनाडूत वाणियंबाडीला २०२३ मधे एका डेंटल क्लिनिकमधून इन्फेक्शन पसरलं होतं, १० जणांना झालं, त्यातले ८ गेले. जंतू माती-पाण्यात राहणारा, मेंदूपर्यंत पोचला. २०२५ मधे त्यावरचा अभ्यास छापून आला, त्यात लिहिलंय की सलाइनची बाटली सर्जरीच्याच हत्याराने उघडायचे, तोंडाला कापूस लावून ठेवायचे आणि तीच परत परत वापरायचे. हे वाचून मला त्या डॉक्टरचा राग यायला हवा होता. मला आधी आमची बाटली दिसली, सुईने भोक पाडलेली, कालची. काय होतंय, सलाइनच तर आहे.

आता १०० मिलीची बाटली आणतो, एका पेशंटला एक, उरलेलं सिंकमधे. ताईंना पहिल्यांदा जिवावर आलं ओतून द्यायला. त्यांचा तिसरा डोसही झाला, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला घेतला की झालं, टायटर पुढच्या महिन्यात करायचाय. अजून दोन एअरोटर घेतले, हप्त्याने. आणि मिरजेहून एक मुलगी यायला लागलीये, म्हणजे आता सुट्टी कोणीही घेतली तरी सिंकपाशी माणूस असेल.

पहिल्या दिवशी ती पातळ ग्लव्ह घालूनच घासायला लागली. ताईंनी तिला बाजूला केलं, भांडी घासायचे असतात तसे जाड रबरी ग्लव्ह दिले. ती म्हणाली, ताई, हे मोठे होतायत मला. ताई म्हणाल्या, होऊ देत, घाल, उद्या मॅडम लहान आणतील.