आमची वाटचाल : मोंदूझच्या मळ्यांतून

फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या पायथ्याशी शांबेरी नावाचं शहर आहे. तिथे आम्ही नवरा-बायको छोटी सहल कंपनी चालवतो. कंपनी म्हणजे आम्ही दोघं, एक नऊ आसनी गाडी आणि हंगामापुरता ठेवलेला चालक. सुरुवातीचा धंदा सरधोपट होता. जिनिव्हा विमानतळावरून मराठी कुटुंबांना घ्यायचं, शामोनीला नेऊन मों ब्लां दाखवायचा, आनसीच्या तळ्याकाठी फोटो काढून द्यायचे. हेच काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या गाड्या आमच्यापेक्षा मोठ्या. शिवाय इथे सहल विकायची तर नोंदणी, आर्थिक हमी आणि विमा आधी लागतो. आमची जमापुंजी त्यातच गेली.

वेगळी वाट सापडली ती द्राक्षामुळे. बायकोचं माहेर निफाडकडचं, घरची द्राक्षबाग. शांबेरीपासून थोड्याच अंतरावर आर्बँ नावाचं गाव आहे. इझेर नदीच्या खोऱ्यात, बोज डोंगराच्या दक्षिण उतारावर तिथले मळे आहेत आणि तिथलं मानाचं द्राक्ष म्हणजे मोंदूझ. काळं, उशिरा पिकणारं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये तोडणी. वाइनचा रंग गडद जांभळा, चव आंबटसर आणि तुरट, वासाला काळी मिरी आणि व्हायोलेटची फुलं. मद्यार्क मात्र बहुतेकदा बारा टक्क्यांच्या आसपासच.

सगळ्या फ्रान्समध्ये मिळून मोंदूझ जेमतेम तीनशे हेक्टरवर उरलं आहे. सावुआ हा इथला मुलूख १८६० साली फ्रान्समध्ये सामील झाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा किडीने मुळं खाऊन मळे झोपवले. पुन्हा लागवड करताना बऱ्याच शेतकऱ्यांनी लवकर पिकणारी, कमी कटकटीची वाणं धरली. पुढे स्कीइंगचे पर्यटक वाढले. त्यांना चीज फोंड्यूबरोबर हलकी पांढरी वाइन हवी असते, त्यामुळे झाकेर या पांढऱ्या द्राक्षाचं फावलं. बाजार असा फिरला की वाण मागे पडतं, मग ते कितीही चांगलं असो. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको.

मोंदूझ आमच्या लोकांना जवळचं वाटतं ते शिराझमुळे. नाशिक भागात वाइनसाठी शिराझ भरपूर लावलं जातं. ते मुळात फ्रेंच, इथे त्याला सिरा म्हणतात. त्याचे आई-बाप १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून शोधले : एक मोंदूझ ब्लांश, म्हणजे पांढरं मोंदूझ, आणि दुसरं फ्रान्सच्याच आर्देश भागातलं द्युरेझा. आर्बँचं काळं मोंदूझ हे त्या ब्लांशचं अगदी जवळचं रक्त. म्हणजे शिराझचं ते आजोबा तरी लागतं, नाहीतर सावत्र भावंड. हे सांगितलं की गाडीतले काका लगेच विचारतात, "मग आमच्याकडे का नाही लावत?"

हा प्रश्न ऐकूनच आम्ही द्राक्ष बागायतदारांसाठी वेगळा अभ्यासदौरा सुरू केला आणि आज आमची निम्मी कमाई त्यावर आहे. पहिला मुक्काम फ्रेतरीवला. हे गावच रोपवाटिकांचं. फायलॉक्सेरानंतर अमेरिकन खुंटावर, म्हणजे या किडीला दाद न देणाऱ्या मुळांच्या रोपावर, कलम बांधण्याचा धंदा इथे जो रुजला तो अजून चालू आहे. यंत्र खुंट आणि काडी दोन्ही एकमेकांत बसतील असे कापतं, सांधा मेणात बुडवतात. आमच्या गटातल्या एका दादांनी तयार कलम हातात घेतलं, अंगठ्याने सांधा दाबून पाहिला आणि म्हणाले, "पाचर कलमापेक्षा सांधा साफ बसलाय, पण बागेत उभ्या डॉगरिज खुंटावर बांधण्याची मजा यात नाही." आपल्याकडे खुंट लावतो तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसावेत म्हणून. इथे किडीपासून वाचण्यासाठी.

मळ्यात प्रश्नांची सरबत्ती होते. ठिबक कुठाय? छाटणी एकदाच, तीही थंडीत? एकरी तीन-साडेतीन टनच? शेवटचा प्रश्न फार रंगतो. मोंदूझ मुळात जोमाने वाढणारं, भरपूर घड देणारं. पण घड विरळ केले नाहीत तर वाइन पाणचट आणि आंबट होते. शिवाय सावुआ हे नाव बाटलीवर लावायचं तर उत्पादनाला कायद्याने मर्यादा. स्वतःहून माल कमी करायचा ही कल्पना एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या माणसाच्या गळी उतरत नाही.

चाखण्याचं म्हणाल तर निम्मी मंडळी पीत नाहीत. त्यांच्यासाठी मळेवाले द्राक्षाचा रस ठेवतात. पिणाऱ्यांना आम्ही एक सांगतो : तांबड्या रश्शाबरोबर मोंदूझ घेऊ नका, तिखट आणि तुरट एकमेकांना भडकवतात. थोडी गार करून, कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर घ्या. इथले लोक ती डुकराच्या सॉसेजबरोबर घेतात, तेही झकास लागतं.

अडचण एकच आहे. मोंदूझची तोडणी आणि नाशिकची ऑक्टोबर छाटणी एकाच सुमारास येते. छाटणी सोडून बागायतदार कसा येणार? त्यामुळे आमचे गट एप्रिलची खरड छाटणी उरकून जूनमध्ये येतात आणि हिरवे, हरभऱ्याएवढे मणी बघून जातात. तोडणीचे व्हिडिओ मग आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि पलीकडून उत्तर येतं, "भुरी रोग आला का हो यंदा तिकडे?"